वेताळाचं शरीरशास्त्र: मंत्र-शाप वगळून वेताळ कसा रचाल?

पारंब्या (वाई)

मंडळी, एक कादंबरी लिहायला घेतली आहे. जग पूर्ण काल्पनिक, नाव पारंबखोरं. डोळ्यांसमोर आपलंच कृष्णेचं खोरं आहे, फक्त वस्ती विरळ आणि मधोमध एकच अफाट वड. जावळी तालुक्यातलं वडाचं म्हसवं ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. पारंब्यांची खोडं होत होत झाड चालतच सुटलंय. माझा वड त्याच्या शेकडोपट, गावंच्या गावं सावलीत घेणारा.

त्यावर वेताळ राहतात. एकटादुकटा नव्हे, त्यांचा समाज आहे. अट अशी की मंत्र, शाप, सिद्धी यातलं काही वापरायचं नाही. वेताळ हा जीव आहे. त्याला भूक लागते, तो पिल्लं वाढवतो, म्हातारा होऊन मरतो. पण वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळलं पाहिजे की हा आपला वेताळ. म्हणून चार गोष्टी ठेवायच्याच आहेत. तो उलटा लटकतो. तो प्रेतात असतो. त्याला सगळं ठाऊक असतं. आणि त्याला खांद्यावर घेऊन निघालेला माणूस बोलला की तो परत झाडावर जातो.

पहिल्या तिन्हींचं काहीतरी जमवता येईल. चौथ्यापाशी गाडं अडलंय. माणसाच्या आवाजाला बुजून प्राणी पळतो हे ठीक, पण हा गडी स्वतःच गोष्ट सांगतो, स्वतःच प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळालं की जातो. कुठला प्राणी असं का करेल? आणि असं करणाऱ्यांचा समाज कसा असेल?

सध्याचा कच्चा आराखडा: माणसाएवढं वटवाघूळ. हाणा.

भडंगवाला (सांगली)

मी पयला! पिशवी उघडून बसलोय. चालू द्या.

उड्डाणपूल (कराड)

माणसाएवढं वटवाघूळ उडणार नाही, हे आधी सांगून टाकतो. आकार सगळीकडून दुप्पट केला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. आपल्याकडचं मोठं फळवटवाघूळ दीड किलोच्या आसपास, पंखांचा पसारा सव्वा मीटरभर. आजच्या पक्ष्यांत सगळ्यांत लांब पंख भटक्या अल्बट्रॉसचे, साडेतीन मीटरपर्यंत, आणि तो काही माणसाच्या वजनाचा नाही. माणसाच्या वजनाचा उडता जीव होऊन गेलाय, नाही असं नाही. अर्जेंटाव्हिस नावाचा नामशेष पक्षी होता, त्याचे पंख सहा-सात मीटर असावेत असा अंदाज आहे. एवढा पसारा घेऊन पारंब्यांच्या गर्दीतून जायचं म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी गणपती पेठेतून ट्रक काढण्यासारखं आहे.

तेव्हा वेताळ वीस किलोच्या आत ठेवा आणि त्याला उडवू नका, तरंगवा. वरून सुटायचं, पंख उघडायचे, तिरकं उतरायचं. मग उलटं लटकणं आपोआप सुटतं. बहुतेक वटवाघळांचे मागचे पाय इतके किरकोळ असतात की जमिनीवरून झेप घेणं जड जातं. उंचावरून स्वतःला सोडून दिलं की काम फुकटात होतं. लटकायलाही ताकद लागत नाही. स्वतःच्याच वजनाने पायातली कंडरा ताणली जाते आणि नख्या मिटून तिथेच अडकतात. झोपेत सुटत नाही. मेल्यावरही पुष्कळदा ते तसंच लटकलेलं राहतं.

म्हणजे लांबून बघणाऱ्याला जिवंत कोण आणि मेलेलं कोण, कळणार नाही. हा धागा धरा, प्रेताच्या भानगडीला उपयोगी पडेल.

खुरपं (तासगाव)

वटवाघळाचं कवतिक चाललंय म्हणून बोलतो. द्राक्षं उतरायला आली की रात्री येत्यात. मणी चावायचा, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. सकाळी घडाखाली नुसता राडा. आम्ही जाळी मारतो, तरी कुठनं तरी शिरत्यात. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात फळवटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून लिहिलेली होती. आता नाहीत. बी पसरवत्यात, जंगल वाढवत्यात, समदं खरं असंल. बाग माझी हाय.

आता मुद्द्याचं. एका वडावर अख्खा समाज राहतो म्हणता. वडाचं एक झाड फळतं ते एकदमच फळतं. थोडे दिवस नुसता लाल सडा, मग काय न्हाय. पाखरांचं भागतं कारण ह्या वडाची येळ निराळी, त्या वडाची निराळी. तुमच्या खोऱ्यात वडच एक. बाकीचं वरीस वेताळ खाणार काय, पारंब्या?

पारंब्या

खुरपंदादा, हे फार कामाचं बोललात. उपासमार ठेवतो. एकाच झाडाचा बहर आणि मग लांबलचक भूक. बहर सरला की जवान वेताळ डोंगरापलीकडे फळं शोधायला तरंगत जातात, काही उपाशीच परततात. गोष्टीला आयताच ताण मिळाला.

आडरान (पाटण)

अवांतर: तरंगणारा वेताळ आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर आणू नका. पवनचक्क्यांच्या पात्यांनी वटवाघळं मरतात, हे जगभर नोंदवलेलं आहे. लांबून पातं सावकाश फिरतंय असं वाटतं, पण टोकाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. तुमची कादंबरी दोन प्रकरणांत आटपेल.

भडंगवाला (सांगली)

उलट वेताळांना नुकसानभरपाई, मग सातबाऱ्यावर नाव, मग भाऊबंदकी. तीन खंड निघतील.

बुरशीट (ईश्वरपूर)

सगळे वटवाघळाच्या मागे का लागलात? गोष्टीतल्या वेताळाला पंख कुठे आहेत? प्रेत आहे. ते झाडाला लटकतं, हलतं, बोलतं. प्रेत लटकवण्याचं काम निसर्गात एक बुरशी नेमानं करते.

ओफिओकॉर्डिसेप्स तिचं नाव. बीजाणू मुंगीच्या अंगाला चिकटतो, कवच भेदून आत जातो आणि तंतू वाढवतो. मग ती मुंगी वारूळ सोडते, झुडपावर थोडी चढते, पानाच्या खालच्या बाजूला शिरेत जबडा रुतवते आणि तिथेच मरते. उलटी लटकून. पुढे तिच्या मानेतून बुरशीचा दांडा फुटतो आणि खालून जाणाऱ्या मुंग्यांवर बीजाणू पडतात. आता मुंगीच्या जागी माणूस ठेवा. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मुंग्या आतून तपासल्या, तेव्हा तंतूंनी स्नायूंभोवती जाळं विणलेलं होतं, मेंदूत मात्र शिरकाव नव्हता. डोकं मुंगीचं, हातपाय दुसऱ्याचे.

दुसरं म्हणजे वेताळाची स्वारी. रात्री रानातून दिवट्या जाताना दिसतात म्हणे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या रानात कुजक्या लाकडावरची काही बुरशी हिरवट उजळते. स्वारी तीच.

आणि समाज म्हणाल तर समाज नाहीच! एकच वेताळ, वडाच्या मुळामुळांतून पसरलेला, आणि प्रेतं हे त्याचे हात. वाचा आणि घाबरा.

सुईदोरा (मिरज)

बुरशीट, कल्पना झकास, पण मुंगी चढते तेव्हा जिवंत असते. प्रेताचं तसं नाही. माझा रोजच्या कामात प्रेतांशी संबंध येतो, म्हणून सांगते.

मेल्यावर दोन-चार तासांत अंग ताठरायला लागतं, बाराएक तासांत पूर्ण ताठ; आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. स्नायू आखडला की त्याला सैल सोडायला ऊर्जा लागते. ती संपली की आतले धागे एकमेकांत अडकून बसतात. दीड-दोन दिवसांनी अंग सैल पडतं ते ऊर्जा परत आली म्हणून नव्हे, धागेच सडायला लागले म्हणून. म्हणजे ताठ असताना हलवता येत नाही आणि सैल झाल्यावर ओढायला काही उरत नाही. तुमच्या बुरशीला माणसाचे स्नायू वापरताच येणार नाहीत.

वापरायचंच असेल तर कोळ्याचं तंत्र घ्या. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायू नसतात. तो आत द्रवाचा दाब वाढवून पाय ताणतो. म्हणून तर मेलेल्या कोळ्याचे पाय मुडपलेले दिसतात. बुरशीने शिरांमध्ये वडाचा चीक भरावा आणि दाबाने हातपाय हलवावेत. चाल थबकत, डुलत.

बोलण्याचं अवघड आहे. उलटं लटकल्यावर पोटातलं सगळं वजन फुफ्फुसांवर येतं. एका दमात चार शब्द निघाले तरी खूप. राजाला एवढ्या लांबलचक गोष्टी सांगणारा वेताळ मला शरीराच्या बाजूने पटत नाही. आणि हो, उलट्या प्रेताचं रक्त डोक्याकडे उतरतं, चेहरा जांभळा-काळा पडतो, काही तासांनी तो रंग हलत नाही. चित्रांतला वेताळ नेहमी पांढराफटक का असतो कोण जाणे.

वारणाकाठ (शिराळा)

आमच्या शिवेवर वेताळबा आहे. शेंदूर लावलेला दगड, वर छप्पर घालायचं नाही असा नेम. नवीन जोडपं आधी तिथे डोकं टेकवून मग घरात येतं. प्रेत, बुरशी, सडणं हे वाचून मला बरं वाटलं नाही. जग काल्पनिक आहे तर नावही काल्पनिक घ्या की. रागाने म्हणत नाही. पण गोष्टीतला वेताळ आणि आमचा वेताळबा एकच धरून लोक उद्या हसतील.

पारंब्या

वारणाकाठ, तुमचं म्हणणं मनावर घेतलंय. शिवेचा वेताळ राखणदार असतो, हे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं आणि ते असायला हवं असं आता वाटतंय. नावाचं शेवटी ठरवू, पण विसरणार नाही.

भडंगवाला (सांगली)

आमच्या वाड्यात एक आण्णा आहेत. गोष्ट सांगतात, प्रश्न विचारतात, आपण 'हं' म्हटलं की दुसरी गोष्ट सुरू. उत्तर दिलं की निघून जाणारा वेताळ मला द्या, मी खांद्यावर घेऊन आयर्विन पुलावरून दोनदा फिरवून आणतो.

पारावरची (औंध)

सगळं ठाऊक असायला बुरशीचं जाळं कशाला हवं? वडाखाली पार असतो. गावातलं कोणतं प्रकरण पारावर बोललं गेलं नाही ते सांगा. बांधाची भांडणं, मोडलेली लग्नं, कोणी कोणाला किती पैसे दिले, कोण कोणाच्या शेतातून रात्री गेलं. पारावरचा माणूस आजूबाजूला बघून बोलतो, वर बघून कोणी बोलत नाही. वर वेताळ लटकलेला आहे आणि त्याचे कान केवढे आहेत! त्याला अंतर्ज्ञान नाही, त्याला फक्त ऐकू येतं आणि तो विसरत नाही.

त्यात आयुष्य लांब धरा. वटवाघळं आकाराच्या मानाने फार जगतात. ब्रँटचं वटवाघूळ म्हणून एक आहे, वजन जेमतेम सात ग्रॅम, आणि एका नराची ४१ वर्षांची नोंद आहे. तेवढ्याच वजनाची चिचुंद्री वर्ष-दोन वर्षांत आटपते. या हिशेबाने वीस किलोचा वेताळ तीनशे वर्षं जगला तर कोणी हरकत घेऊ नये. तीनशे वर्षं पारावरचं ऐकणारा जीव सर्वज्ञ नसेल तर काय असेल?

समाजाबद्दल: खुरपंदादांनी भूक काढली ती महत्त्वाची. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिणारी वटवाघळं आहेत. लागोपाठ दोन-तीन रात्री पोट रिकामं राहिलं तर ती मरतात. म्हणून ढोलीत उपाशी परतलेलीला शेजारीण आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवते. विल्किन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ साली हे मांडलं. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की कोण कोणाला भरवणार हे नात्यापेक्षा आधी कोणी कोणाला भरवलं यावर जास्त ठरतं. म्हणजे लक्षात ठेवणं हा तिथे जगण्या-मरण्याचा भाग आहे. तुमच्या वेताळांची स्मरणशक्ती तिथूनच वाढवा, आकाशातून आणू नका.

बुरशीट (ईश्वरपूर)

पटण्यासारखं आहे, पण यात प्रेत कुठे आहे? चार अटींतली एक तुम्ही गुपचूप गाळलीत.

उंबरकर (औदुंबर)

तिसरी बाजू मांडू का? उंबर फोडून बघू नये म्हणतात, आम्ही गावातच राहतो म्हणून फोडून बघतो. आत बारीक गांधीलमाश्या असतात. वड, पिंपळ, उंबर, सगळ्यांचं असंच. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, ती आतल्या फुलांवर परागकण टाकते, अंडी घालते आणि आतच मरते. तिची पोरं परागकण घेऊन दुसऱ्या झाडावर जातात. वडाला तिच्याशिवाय बी नाही, तिला वडाशिवाय घर नाही.

वेताळाचं असंच करा. म्हातारा वेताळ मरायच्या आधी झाडाच्या ढोलीत शिरतो आणि झाड त्याच्याभोवती बंद होतं. प्रेतात वेताळ नाही, झाडात वेताळाचं प्रेत आहे.

बुरशीट (ईश्वरपूर)

म्हणजे उपटसुंभ मी नव्हे, वड. वड तरी दुसरं काय करतो? बी पाखराच्या विष्ठेतून दुसऱ्याच झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथेच रुजतं, मुळं खाली सोडतं आणि पुढे मूळ झाडाला आवळून टाकतं. उंबरकर, आपली युती.

आडरान (पाटण)

युती किती दिवस टिकते बघू.

पेवातली हळद (सांगली)

उशिरा आलो, यार्डात हळदीची आवक जोरात आहे. सगळं एका बैठकीत वाचलं. चौथा प्रश्न कोणी धरलाच नाही, मंडळी पंख आणि प्रेतातच अडकली.

मी आडत दुकानात वह्या सांभाळतो. मला ही गोष्ट सरळ येण्या-देण्याची दिसते. पारावरची यांनी निम्मं सांगितलंच आहे: भुकेल्याला घास द्यायचा आणि लक्षात ठेवायचं. खोऱ्यात वड एक, बहर थोडे दिवस, मग डोंगरापलीकडे कुठे काय पिकलंय ही बातमी घासाएवढीच मोलाची. तेव्हा वेताळांत घास फिरतो तशी बातमीही फिरते. तीनशे वर्षांत तिची गोष्ट होते, पण मोल तेच राहतं. गोष्ट ऐकवणं म्हणजे माल देणं. ऐकणारा देणेकरी.

आता राजा बघा. वेताळ खांद्यावर बसून गोष्ट सांगतो, म्हणजे त्याने माल टाकला. मग प्रश्न विचारतो, म्हणजे तगादा. राजाने उत्तर दिलं की फेड झाली, हिशेब पुरा. हिशेब पुरा झाल्यावर थांबायचं कशासाठी? तो घरी जातो. आवाजाला बुजून नव्हे, काम संपलं म्हणून. राजा गप्प राहिला तर येणं बाकी राहतं, आणि येणं बाकी असताना उठून गेलेला सावकार मी यार्डात तरी बघितला नाही.

गोष्टीतली धमकी आठवा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. ऐपत असून न देणारा आणि ऐपतच नसलेला, या दोघांना बाजार एका मापाने मोजत नाही. शेवटच्या गोष्टीला राजाला खरोखरच उत्तर येत नाही. तो बुडवत नाहीये, त्याच्याजवळ नाहीये. म्हणून डोकं शाबूत, पण खातं उघडं. आणि लगेच वेताळ काय करतो? तो योगी तुझा बळी देणार आहे, हे राजाला सांगून टाकतो. का सांगतो? देणेकरी मेला तर रक्कम बुडाली.

समाज यातूनच निघतो. अशा जातीत पूर्ण फेड करणं म्हणजे संबंध संपवणं. म्हणून आपल्या माणसांत थोडं येणं-देणं मुद्दाम शिल्लक ठेवायचं. भावाची गोष्ट ऐकली तर अर्धंच उत्तर द्यायचं. जोडी जमते तेव्हा दोघं एकमेकांना एकेक गोष्ट अर्धवट सांगून ठेवतात. पूर्ण उत्तर फक्त परक्याला किंवा ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही त्याला. आमच्याकडे जुनं गिऱ्हाईक कधीच सगळे पैसे चुकते करत नाही. ज्या दिवशी करतं त्या दिवशी समजायचं, दुसरं दुकान बघितलंय.

भडंगवाला (सांगली)

शिट्ट्या! किराणावाल्याशी मी केवढं घट्ट नातं जपलंय ते आज कळलं.

सुईदोरा (मिरज)

पेवातली हळद, हे फारच सुरेख बसलं. डोकं फुटण्याची धमकी मला लहानपणापासून विनाकारण क्रूर वाटायची.

उड्डाणपूल (कराड)

मान्य. शिवाय यात कसलीही जादू लागत नाही आणि माझं वीस किलोचं बंधनही पाळलं जातं. खांद्यावर वीस किलो घेऊन रात्रभर चालणं जमण्यासारखं आहे.

खुरपं (तासगाव)

सावकाराचं एवढं गोड चित्र मला न्हाय पटत.

ऊसतोडीची टोळी उचल घेऊन येती. हंगाम सरतो, उचल फिटत न्हाय, पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडं. त्यात आजारपण आलं, लगीन आलं की आणखी उचल. नातं टिकतंय म्हणायचं का ह्याला? तुमच्या वडावर बी असा कोणतरी वेताळ आसंल, जो मुद्दाम असलीच गोष्ट सांगतो जिचं उत्तर कुणालाच येत न्हाय. समोरचा कायमचा अडकला. मग त्यानं ह्याच्यासाठी डोंगरापलीकडं जायाचं, ह्यानं बसून खायाचं. राजाला शेवटची गोष्ट सांगणारा वेताळ भला होता कशावरनं? राजा जन्मभर बांधला गेला की.

लिहायची तर ती गोष्ट लिहा.

पेवातली हळद (सांगली)

खुरपं, याला माझ्याकडे उत्तर नाही. वहीत हे दिसत नाही, वहीत फक्त बाकी दिसते. तुमचा वेताळ माझ्यापेक्षा खरा आहे.

पारंब्या

दोन दिवस नुसता वाचतोय. खुरपंदादांनी कादंबरीला खलनायक दिला. किंवा नायक, ज्याचं देणं कधी फिटूच दिलं गेलं नाही असा. म्हाताऱ्या वेताळांची एक फळी करतो, बिनउत्तराच्या गोष्टी साठवून असलेली. जवानांना त्या गोष्टी ऐकायच्या नसतात, पण कान मिटता येत नाहीत. वरून कोणी सांगायला लागलं की ऐकू येणारच, आणि ऐकलं की देणं लागलं. जवान वेताळ वादळी रात्रींची वाट बघतात, कारण पानांच्या आवाजात गोष्ट ऐकू येत नाही.

प्रेताचं मात्र अजून अधांतरी आहे. बुरशीट यांची तक्रार रास्त आहे.

पारावरची (औंध)

प्रेत म्हणजे जप्ती. फेडायच्या आधी देणेकरी मेला तर त्याचं शरीर झाडावर टांगायचं. वारस येऊन उत्तर देईपर्यंत ते उतरवायचं नाही. आणि ते कोणी पळवू नये म्हणून एक वेताळ पंखांत गुंडाळून राखत बसतो. खालून माणसाला दिसतं काय? लटकलेलं प्रेत, त्यातून चमकणारे डोळे आणि आवाज. 'प्रेतात वेताळ शिरला!' उड्डाणपूल यांनी आधीच म्हटलंय की जिवंत कोण, मेलेलं कोण ते लांबून कळणार नाही. बोलतोय तो वेताळ, प्रेत गप्पच आहे. म्हणजे सुईदोरांचा दमाचा प्रश्नही मिटला.

राजा प्रेत न्यायला आला म्हणजे दुसऱ्याचं तारण उचलून चाललाय. राखणदार त्याच्या खांद्यावर बसणार नाही तर काय करणार?

सुईदोरा (मिरज)

हे बसतंय. पण टांगलेलं शरीर आठवड्याभरात टिकण्यासारखं राहत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. वारस शोधून आणेपर्यंत हाडं गळून पडतील.

बुरशीट (ईश्वरपूर)

टिकवायला बुरशी लागेल! बाकीच्या जंतूंना मारून शरीर कोरडं ठेवणारी. पेनिसिलिन आलं कुठून? बुरशीतूनच. वेताळ स्वतःच्या पंखांवर ती पोसतात आणि प्रेताला पंख घासून लावतात. रात्री हिरवट उजळते, म्हणून स्वारीच्या दिवट्या. मी युती सोडून सरकारात सामील होतोय.

आडरान (पाटण)

सांगितलं होतं.

उंबरकर (औदुंबर)

माझी ढोली कोणीतरी वापरा. फुकट देतोय.

वारणाकाठ (शिराळा)

राखण हे आवडलं. आमचा वेताळबाही शीवच राखतो, आणि त्याचं कोणी काही देणं ठेवत नाही. नवस बोलला की फेडतोच माणूस, फेडला नाही तर झोप लागत नाही. तुमच्या वेताळांसारखं अर्धं ठेवून चालत नाही तिथे. म्हणून म्हणतो, दोघांचा कारभार निराळा आहे, नावही निराळं ठेवा. पारंबे म्हणा, ढोलकर म्हणा. वाचणारा ओळखतोच.

पारंब्या

'पारंबे' वहीत लिहून घेतलं. पण पहिल्या पानावर ओळख पटायला वेताळ हा शब्द लागतोच, असं मला अजून वाटतं. खोऱ्यातली माणसं त्यांना वेताळ म्हणतात आणि ते स्वतःला पारंबे म्हणवतात, असं केलं तर?

वारणाकाठ (शिराळा)

विचार करून सांगतो. घरात म्हातारीला विचारतो.

उड्डाणपूल (कराड)

एक हिशेब राहिला. मोठ्या फळवटवाघळाला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं. तुमचा वेताळ तीनशे वर्षं जगणार. मादीने त्यातली शंभर वर्षं जरी दरसाल एक पिल्लू घातलं तरी काही पिढ्यांत वड मोडून पडेल. पिल्लांची संख्या कशाने तरी रोखावी लागेल.

खुरपं (तासगाव)

आईचं देणं पिल्लावर येतं का, ते आधी ठरवा. येत आसंल तर कोण कशाला पिल्लं घालतंय!

पेवातली हळद (सांगली)

येतं असं ठेवा. पण पिल्लाचे कान उघडेपर्यंत आईने ऐकलेल्या गोष्टींचंच. त्यानंतरचं तिचं तिच्याकडे. म्हणजे पोटुशी मादी बहर संपल्यावर वडावर थांबणारच नाही, पारापासून आणि म्हाताऱ्यांपासून लांब कुठेतरी जाईल. पारंब्या, ती कुठे जाते ते तुम्ही बघा, माझा काटा सुरू झालाय.

पारंब्या

म्हणजे कास पठारासारखा उघडा सडा, जिथे झाडच नाही आणि लटकायलाही जागा नाही. पिल्लू जमिनीवर जन्मतं, आणि तिथून झेप घेता येत नाही. तिसरं प्रकरण सापडलं. रविवारपर्यंत कच्चा खर्डा इथेच टाकतो. सुईदोरा, जमिनीवर जन्मलेल्या पिल्लाच्या पायांचं काय होईल ते जरा सांगून ठेवा.